जॉर्जियाची वाईन: खोरं बदललं की चव बदलते

धरमपेठी (धागाकर्ता)

गेल्या काही वर्षांत आपल्याकडची बरीच मुलंमुली एमबीबीएससाठी जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीला जाऊन राहिली आहेत. सुट्टीत येताना कुणी ना कुणी एखादी बाटली घेऊन येतं आणि ती जवळपास नेहमी एकाच प्रकारची असते: लाल, गोडसर, लेबलावर सोनेरी अक्षरं. त्यावरून नागपुरात मत पक्कं झालंय की जॉर्जियाची वाईन म्हणजे गोड. माझी भाची तिकडे शिकते, तिच्यामुळे माझं जाणं झालं, आणि तेव्हापासून या विषयाने मला धरलंय. जमेल तेवढं वाचलं, तिथल्या लोकांना विचारलं. ते सगळं एका ठिकाणी असावं म्हणून हा धागा.

आधी आकार लक्षात घ्या. जॉर्जियाचं क्षेत्रफळ सुमारे ६९,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे विदर्भापेक्षाही लहान. लोकसंख्या ४० लाखांच्या आत, आपल्या नागपूर जिल्ह्यापेक्षा कमी. आणि एवढ्याशा देशात द्राक्षाचे ५०० हून जास्त स्थानिक वाण नोंदलेले आहेत. व्यापारी लागवडीत त्यातले थोडेच उरले, पण तिबिलिसीजवळ जिघाउरा इथे सरकारी संग्रहात शेकडो वाण लावून जपलेत.

देशाच्या उत्तरेला कॉकेशस, पश्चिमेला काळा समुद्र. मधोमध लिखी नावाची डोंगररांग आडवी येते आणि ती देशाचे दोन हवामानी तुकडे करते. पश्चिमेला समुद्राची ओल अडते. समुद्रकाठच्या बातुमीला वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेला काखेतीत त्याच्या जेमतेम एक तृतीयांश. द्राक्ष तेच असलं तरी या दोन बाजूंना तशीच वाईन होणं शक्य नाही, आणि होतही नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. ही वाईन ब्रँडने ओळखायला जाल तर काहीच हाती लागणार नाही. ती प्रदेशाने ओळखायची.

काखेती सर्वात मोठा प्रदेश. देशातल्या दोन तृतीयांशाहून जास्त द्राक्षबागा इथे आहेत. अलाझानी नदीचं रुंद, सपाट खोरं, एका अंगाला बर्फाची शिखरं, दुसऱ्या अंगाला गोंबोरी डोंगर. तेलावी, क्वारेली, गुर्जानी, सिग्नाघी ही इथली गावं. पांढऱ्यात रकात्सितेली हे मुख्य द्राक्ष. पूर्ण पिकलं तरी त्याची आंबट धार जात नाही, हा त्याचा मोठा गुण. लालमध्ये सापेरावी. जगातल्या बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर आतून पांढरट असतो, रंग फक्त सालीत असतो. सापेरावीचा मणी चिरला तर गरही लाल निघतो. त्यामुळे तिची वाईन इतकी गडद होते की पेल्यातून पलीकडचं दिसत नाही.

या एका सापेरावीचे काखेतीतच वेगवेगळे अवतार आहेत. गुर्जानीकडची मुकुझानी कोरडी, म्हणजे गोडी न उरलेली असते आणि ओकच्या पिंपात मुरवतात. क्वारेलीजवळ दुरुजी नदीने वाहून आणलेल्या काळ्या पाटीच्या दगडांच्या गाळात पिकते ती किंदझमाराउली, ही मात्र अर्धगोड. आपल्याकडे पोचते ती बहुतेक हीच, किंवा हिच्यासारखी दिसणारी एखादी स्वस्त.

आता गोडाचं कारण. जॉर्जियन घरात रोज प्यायली जाणारी वाईन कोरडी असते. अर्धगोड वाईनला मोठी मागणी होती ती रशियाची. सोव्हिएत काळात कारखान्यांना उत्पादनाचे आकडे गाठायचे होते, म्हणून ज्या वाणांचं उत्पन्न जास्त तेच लावले गेले आणि बाकीचे बांधावर गेले. १९८५ मध्ये गोर्बाचोव्ह यांची दारूविरोधी मोहीम आली तेव्हा बागाच्या बागा उपटल्या. पुढे मार्च २००६ मध्ये रशियाने जॉर्जियन वाईनवर बंदी घातली. निर्यातीचा बहुतांश माल तिकडेच जात होता, त्यामुळे धंदा एका झटक्यात आडवा झाला. बंदी उठली २०१३ मध्ये. मधल्या सात वर्षांत ज्यांना टिकायचं होतं त्यांना युरोप, अमेरिका, चीन, जपान धुंडाळावं लागलं आणि त्यासाठी माल सुधारावा लागला. बंदीने वाट लावली हे खरं, पण आज ज्या वाईनबद्दल मी एवढं लिहून राहिलो तिला बाहेरचं जग मिळालं तेही त्याच वर्षांत. सर्वात मोठा ग्राहक आजही पुन्हा रशियाच आहे, हे मला काळजीचं वाटतं.

रांजणात वाईन करायची पद्धत आणि पश्चिमेकडचे प्रदेश यावर पुढे लिहितो. कुणी तिकडे राहून आलं असेल तर भर घाला.

बर्डीवरचा

वाचतोय. पश्चिमेचं लवकर लिहा. माझा मुलगा बातुमीला आहे, तो सांगतो तिकडे द्राक्षाचे वेल झाडांवर चढलेले दिसतात. तेच का ते?

रामटेककर

चांगला धागा. एक शंका आहे. जॉर्जियाचं पर्यटन खातं जिथे तिथे '८००० वर्षं' छापतं. प्राचीनतेचे असे दावे प्रत्येक देश करतो. इराणमध्ये हाजी फिरूझ टेपेला ७००० वर्षांपूर्वीच्या वाईनचे अवशेष मिळाले, आर्मेनियात आरेनीच्या गुहेत सुमारे ६००० वर्षांपूर्वीची द्राक्षं तुडवायची जागाच सापडली. मग जॉर्जियाचा पुरावा नक्की काय? भांड्यात द्राक्षाचा अंश सापडला म्हणजे वाईनच होती असं कशावरून? नुसता रसही असू शकतो.

धरमपेठी

रामटेककर, शंका रास्त आहे. पुरावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा. तिबिलिसीच्या दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर गदाच्रिली गोरा आणि शुलावेरिस गोरा ही दोन नवाश्मयुगीन टेकाडं आहेत. तिथल्या मडक्यांच्या खापरांत मुरलेलं रसायन पॅट्रिक मॅकगव्हर्न आणि सहकाऱ्यांनी तपासलं. टार्टारिक आम्ल मिळालं, त्या भागात ते एवढ्या प्रमाणात देणारं फळ म्हणजे द्राक्षच. सोबत मॅलिक, सक्सिनिक आणि सायट्रिक आम्लंही मिळाली. काळ इसवी सन पूर्व ६००० ते ५८००. हाजी फिरूझ त्यानंतरचं, आरेनी त्याहून बरंच नंतरचं.

रसाचं म्हणाल तर द्राक्षाच्या सालीवरच यीस्ट असतं. उघड्या मडक्यातला रस उबेत दोन-चार दिवसांत आपोआप आंबायला लागतो, तो रोखून धरायचं साधन त्या काळी नव्हतं. मात्र एक गोष्ट मीही मान्य करतो. ती खापरं आजच्यासारख्या गळ्यापर्यंत पुरलेल्या मोठ्या रांजणांची नाहीत, पुरायची पद्धत पुढे आली. '८००० वर्षं अखंड हीच पद्धत' असं कुणी म्हणालं तर ते पुराव्याच्या पुढे जाणं होईल. वाईन ८००० वर्षांची आहे, एवढं खात्रीने म्हणता येतं.

रामटेककर

पटलं. हा फरक कुणी सांगत नाही.

चाकावरचा

रांजणाचं नाव काढलं म्हणून लिहितोय. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माठ-रांजण होत आले. माणूस आत उतरेल एवढं भांडं चाकावर होऊच शकत नाही, मातीचं वजन मातीला झेपत नाही. ते घडवतात कसं? आणि पुरल्यावर झिरपत कसं नाही? आपला माठ झिरपतो म्हणून तर पाणी गार होतं.

धरमपेठी

भाऊ, तुमच्यासारख्या माणसाने हा प्रश्न विचारला याचा आनंद झाला. त्या रांजणाला क्वेव्री म्हणतात. काखेतीत वार्दिसुबानी आणि इमेरेतीत माकातुबानी ही क्वेव्री घडवणाऱ्यांची गावं आहेत. चाक वापरतच नाहीत. बूड निमुळतं, जवळजवळ टोकदार. तिथून सुरुवात करून मातीच्या जाड वळ्या एकावर एक चढवत जातात, आतून एक हात आणि बाहेरून एक हात लावून सांधा दाबतात. एका वेळी चार बोटं उंची वाढवली की थांबायचं. खालची माती वरचा भार घेण्याइतकी आवळली की मग पुढचा थर. म्हणून एक मोठी क्वेव्री व्हायला कित्येक आठवडे लागतात, आणि कारागीर एकाच वेळी पाच-सहा ओळीने उभ्या करून आळीपाळीने चढवत असतो. मग सावलीत सुकवणं, आणि आठवडाभर लाकडाची भट्टी, सुमारे हजार अंशांपर्यंत.

झिरपण्याचं उत्तर मेणात आहे. भट्टीतून निघालेली क्वेव्री कोमट असतानाच आतून मधमाशीचं मेण फिरवतात. ते छिद्रांत शिरतं. लेप जाड झाला तर चालत नाही, भिंतीने थोडा श्वास घ्यायला हवा. बाहेरून बरेच जण चुन्याचा थर देतात. मग गळ्यापर्यंत जमिनीत पुरायची. जिथे अशा क्वेव्री पुरलेल्या असतात त्या खोलीला मराणी म्हणतात. एकदा पुरली की ती पुन्हा बाहेर काढत नाहीत, धुवायचीही आत उतरून. त्यासाठी चेरीच्या सालीचे तुकडे थरावर थर बांधून लांब दांड्याचा कुंचला करतात, त्याने भिंत घासतात.

तेलावीजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरी एप्रिलमध्ये क्वेव्री उघडताना मी पाहिली. मराणी म्हणजे घरामागची साधी पत्र्याची खोली, जमिनीवर फक्त मातीचे गोल ढिगारे. त्याने फावड्याने वरची माती बाजूला केली, खाली दगडी झाकण, झाकणाच्या कडेने ओल्या चिकणमातीची गोल कड. ती कड त्याने बोटाने कापत आणली, एक कणही आत पडू दिला नाही. झाकण सरकल्यावर आधी ओल्या मातीचा आणि मागोमाग सुक्या जर्दाळूचा वास आला. मग लांब दांड्याच्या भोपळ्याच्या पळीने त्याने वरची वाईन काढली. रकात्सितेलीची होती. द्राक्ष पांढरं, पण रंग थेट पातळ मधाचा. जीभ कोऱ्या चहाने ओढली जाते तशी ओढली गेली, गोडीचा मागमूस नाही, शेवटी अक्रोडाच्या सालीचा कडसर झाक.

हा रंग कुठून आला? युरोपात पांढरी वाईन करताना रस पिळून सालं फेकतात. काखेतीत रसाबरोबर सालं, बिया, देठ सगळं क्वेव्रीत जातं. या चोथ्याला चाचा म्हणतात. आंबताना तो वर तरंगतो, म्हणून दिवसातून अनेकदा लाकडाने खाली दाबावा लागतो. आंबणं संपलं की चोथा बुडतो, मग झाकण लावून पाच-सहा महिने हात लावायचा नाही. बुडाच्या टोकात आधी बिया जाऊन बसतात, त्यावर गाळ बसतो, त्यामुळे बियांचा कडवटपणा वाईनमध्ये फार उतरत नाही. बूड निमुळतं ठेवण्यामागे हे कारण आहे. जमिनीत तापमान १४-१५ अंशांच्या आसपास स्थिर राहतं. अशा वाईनला ते अंबर म्हणतात, बाहेर ऑरेंज वाईन हे नाव चालतं, संत्र्याशी काही संबंध नाही. २०१३ मध्ये युनेस्कोने या पद्धतीची वारसा म्हणून नोंद केली.

मात्र देशातल्या एकूण उत्पादनात क्वेव्रीचा वाटा लहान आहे. बहुतेक वाईन स्टीलच्या टाक्यांत युरोपीय पद्धतीने होते. युरोपीय पद्धत तिथे नवीही नाही. कवी आणि सरदार अलेक्सांद्र चावचावाद्झे यांनी १९व्या शतकात त्सिनांदालीच्या आपल्या वाड्यात ती आणली. त्सिनांदाली नावाची वाईन आजही मिळते, रकात्सितेली आणि म्त्स्वाने द्राक्षांची.

चाकावरचा

एका वेळी पाच-सहा आळीपाळीने, हे अगदी बरोबर. आमचे आजोबा मोठे रांजण असेच थापून चढवत. मेणाचं मात्र पहिल्यांदाच ऐकलं. कोमट असतानाच का, तेही कळलं. गार भिंतीवर मेण नुसतं वर बसेल, आत जाणार नाही.

द्राक्षनगरी

मी माहेरची निफाडची, आता नागपुरात. घरी द्राक्षबाग आहे म्हणून त्या अंगाने लिहिते.

जॉर्जियाच्या आणि आपल्या द्राक्षात मुळातला फरक थंडीचा आहे. तिकडे हिवाळ्यात पानं गळतात, वेल झोपतो, वसंतात फुटतो आणि वर्षाला एकच पीक येतं. आमच्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करायची आणि ऑक्टोबरात फळछाटणी करून माल घ्यायचा, अशी दोनदा कात्री लावावी लागते. काढणी जानेवारी ते मार्च. तिकडे काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणजे त्यांचं द्राक्ष दिवस लहान आणि हवा गार होत असताना पिकतं, आमचं तापत्या उन्हात. आंबटपणा टिकवणं त्यांना जेवढं सोपं तेवढंच आम्हाला अवघड. रकात्सितेलीबद्दल धरमपेठी दादांनी लिहिलं ते त्यामुळेच मला जास्त महत्त्वाचं वाटलं.

ते झाडावर चढलेल्या वेलांचंही उत्तर देते, कारण ते सरळ रोगाशी जोडलेलं आहे. ओलसर हवेत जमिनीलगत घड ठेवला तर डाऊनी बुरशी आणि घडकूज सोडत नाही. उंच झाडावर वारा खेळतो, पानं लवकर सुकतात. फवारणीच्या आधीच्या जमान्यात पश्चिम जॉर्जियातल्या लोकांनी त्यावर काढलेला हा मार्ग आहे. काढणीचा त्रास मात्र भयंकर असणार.

काटोलवाला

भाऊ, मी पीत नाही, पण शेतीचं वाचून राहिलो. ताईंनी झोपेचं लिहिलं ते एकदम पटलं. आमच्या संत्र्यालेही थंडी पुरत नाही, मंग आम्ही पाणी तोडून ताण देतो तेव्हा कुठं आंबिया बहार फुटते. त्याइले हे फुकटात भेटते म्हणायचं.

पण मले विचारायचं ते गारपिटीचं. आमच्याकडं फेब्रुवारी-मार्चात गार पडली का वर्ष गेलं. एवढा डोंगराचा मुलूख आहे तर तिथं गारा पडतच असतीन. ते काय करतात? अन् खुंट कोणता वापरतात, का तसंच काडीनं लावतात?

धरमपेठी

काटोलवाले भाऊ, काखेतीचा सर्वात मोठा शत्रू गारपीटच. उन्हाळ्यात डोंगरावरून ढग उतरतात आणि अर्ध्या तासात अलाझानीच्या काठची गावं झोडपून जातात. २०१५ पासून सरकारने काखेतीत रॉकेटची यंत्रणा बसवली. रडारवर ढग दिसला की रॉकेटने त्यात रसायन सोडतात, गार मोठी व्हायच्या आत बारीक पडावी म्हणून. त्याने गारा पूर्ण थांबत नाहीत, काही वर्षी नुकसान झालंच. काही बागायतदार जाळीही लावतात.

खुंटाचं म्हणाल तर १९व्या शतकात मुळं खाणारा फिलॉक्सेरा किडा युरोपातून तिथेही पोचला, तेव्हापासून बहुतेक लागवड अमेरिकन खुंटावर कलम करूनच होते.

काटोलवाला

म्हणजे जंबेरीवर संत्रा बांधतो तसंच. गारेवर रॉकेट सरकारच्या खर्चानं सोडतात हे आमच्या लोकायले दाखवतो. विम्याच्या मागं धावण्यापेक्षा ते बरं.

सेवाग्रामी

सर्वांचा आदर राखून लिहितो. मी वर्धा जिल्ह्यातला, आमच्याकडे दारूबंदी आहे आणि ती का आहे हे गावागावातल्या बायका सांगतील. वाईनला वारसा, संस्कृती असे शब्द लावले की ती दारू नसल्यासारखी वाटायला लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय की मद्याचं कुठलंही प्रमाण निर्धोक नाही. तरुण मुलं हा धागा वाचतील याचं भान असावं.

धरमपेठी

सेवाग्रामी, तुमचं म्हणणं मी मनापासून मान्य करतो. वाईन दारूच आहे आणि ती तब्येतीला चांगली असते असं मी कुठेही लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. ज्या घरात दारूने संसार मोडलेत तिथे हा विषय नकोसा वाटणं अगदी बरोबर.

तरीही या विषयावर लिहावं असं मला वाटतं, कारण ही त्या देशाची शेती आहे, मातीकाम आहे, इतिहास आहे. संत निनो चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्म घेऊन आली तेव्हा तिच्या हातातला क्रूस द्राक्षाच्या काडीचा आणि तिच्याच केसांनी बांधलेला होता, अशी तिथली श्रद्धा आहे. अलावेर्दीच्या मठात साधू आजही स्वतः वाईन करतात. पिण्याचे नियमही तिथे आहेत. जेवणावळीला सुप्रा म्हणतात आणि तिचा एक प्रमुख असतो, तामादा. तो उठून बोलेपर्यंत पेला उचलायचा नाही, आणि तो मेलेल्यांसाठी, आईवडिलांसाठी, पाहुण्यांसाठी काहीतरी अर्थाचं बोलतो. जो तामादा स्वतः बरळायला लागतो त्याची गावात किंमत जाते. त्या टेबलावर दारू जास्त होतच नाही असं मात्र मी म्हणणार नाही, होते.

मोगरा

सेवाग्रामी काकांचं मला पटतं आणि धागाही आवडतोय, दोन्ही. माझी मुलगी तिबिलिसीत तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या घरमालकीणबाई सप्टेंबरात काढणीला गावी जातात, तिला र्त्वेली म्हणतात, सगळं खानदान गोळा होतं. गेल्या वर्षी मुलीलाही घेऊन गेल्या. ती येताना चुर्चखेला घेऊन आली. अक्रोड दोऱ्यात ओवायचे आणि पीठ घालून आटवलेल्या द्राक्षरसात बुडवून बुडवून वाळवायचे. त्यात दारू नाही, साखरही वरून घालत नाहीत. आमच्या सासूबाईंनी उपासाला चालेल का विचारलं, पीठ ऐकून ठेवून दिली आणि दुसऱ्या दिवशी संपवली. न पिणाऱ्यांनी द्राक्षाच्या या अंगाची ओळख करून घ्यायला हरकत नाही.

खवय्या_महाल

मुद्द्याचं विचारतो. सावजीबरोबर यातली कोणती?

धरमपेठी

सावजीबरोबर कोरडी सापेरावी अजिबात नको. तिखटावर असा तुरटपणा आला की तोंड आणखी पेटतं, खसखस-खोबऱ्याचा तो काळा रस्सा मग नुसता जाळ वाटतो. तिथे किंदझमाराउलीच घ्या, चांगली गार करून. तिच्यातली गोडी तिखटाला आवर घालते. पाटोडी रस्स्यालाही तेच.

अंबर वाईनसाठी आपल्याकडचा उत्तम पदार्थ म्हणजे काटेरी वांग्याचं भाजलेलं भरीत, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून, हिरवी मिरची हात राखून. तिकडेही वांगं आणि अक्रोडाचं वाटण जेवणात असतंच, आणि अंबरचा तुरटपणा तेलकट, धुरकट चवीला चांगला पेलतो. जिऱ्या-लसणाच्या साध्या वरणाशी कुठलीच वाईन मला तरी जुळलेली वाटली नाही.

बर्डीवरचा

पश्चिम राहिली.

धरमपेठी

हो, घेतो.

लिखी ओलांडली की पहिला मोठा प्रदेश इमेरेती, कुताइसीच्या आजूबाजूचा. इथेही क्वेव्री आहे, पण क्वेव्रीत सालं फार थोडी टाकतात, साधारण दहावा हिस्सा, देठ अजिबात नाहीत, आणि महिना-दीड महिन्यात वाईन सालींवरून काढून घेतात. कारण हवामान. ओलसर हवेत देठ काखेतीसारखे पिकून लाकडी होत नाहीत, हिरवट राहतात, ते घातले तर वाईन कडू होईल. म्हणून इमेरेतीची वाईन फिकट, हलकी, लिंबाच्या अंगाने जाणारी. द्राक्षं त्सोलिकोउरी, त्सित्स्का आणि क्राखुना. एकाच रात्री काखेतीची आणि इमेरेतीची क्वेव्री वाईन शेजारी ठेवून चाखली तर हा एकच देश आहे हे खरं वाटत नाही. नवख्याला मी नेहमी इमेरेतीपासून सुरुवात करायला सांगेन.

त्याच्या उत्तरेला राचा, रिओनी नदीच्या वरच्या अंगाचं डोंगरी खोरं. प्रदेश एवढासा, पण इथली ख्वांचकारा फार नावाजलेली, अलेक्सांद्रोउली आणि मुजुरेतुली या दोन द्राक्षांची. स्टालिनची आवडती म्हणून तिचं नाव झालं. ती अर्धगोड आहे, पण तिची गोडी आली निसर्गातून. द्राक्षं उशिरा खुडली जात, लगेच थंडी पडे, यीस्ट गारठून काम थांबवी आणि साखर शिल्लक राही. आज कारखान्यात तेच काम टाकी गार करून आणि गाळून होतं. राचात उतारच थोडे, त्यामुळे खरी ख्वांचकारा कमी होते आणि महाग असते. स्वस्तात दिसली तर घेऊ नका. शेजारच्या लेचखुमीत उसाखेलोउरी नावाचं द्राक्ष आहे, त्याची वाईन तर राचापेक्षाही दुर्मीळ.

तुमच्या मुलाने पाहिलेले वेल अजारा, गुरिया, सामेग्रेलो या किनारपट्टीच्या भागातले. द्राक्षनगरी ताईंनी कारण बरोबर सांगितलं. गुरिया-अजारात च्खावेरी, त्याची फिकट गुलाबी, नाजूक वाईन होते. सामेग्रेलोत ओजालेशी, काळं द्राक्ष. दोन्हींची काढणी फार उशिरा, नोव्हेंबरातही चालते. मुलाला म्हणावं बातुमीत आहेस तर च्खावेरी चाखल्याशिवाय परत येऊ नको.

कार्तलीत, म्हणजे तिबिलिसीच्या पश्चिमेला, चिनुरी द्राक्ष. आंबट, हलकं, फसफसणाऱ्या वाईनला योग्य. यापेक्षा जास्त माझ्याकडे कार्तलीबद्दल सांगण्यासारखं नाही.

मेस्खेतीबद्दल मात्र सांगायलाच हवं. तुर्कस्तानच्या सीमेला लागून डोंगर कापून केलेल्या दगडी पायऱ्यांवर पूर्वी द्राक्ष होतं. वार्दझियाच्या १२व्या शतकातल्या लेणीमठात खडकातच वाईनची तळघरं कोरलेली आहेत. ऑटोमन सत्तेच्या काळात ही शेती मोडली आणि पायऱ्या ओस पडल्या. आता काही जण झाडाझुडपांत रानटी होऊन जगलेले जुने वेल शोधून, काड्या घेऊन, त्या पायऱ्या पुन्हा लावत आहेत. मला या सगळ्यात सर्वात मोलाचं काम हे वाटतं. बाटलीवर मेस्खेतीचं नाव दिसलं तर चार पैसे जास्त गेले तरी घ्या, पैसा थेट त्या पायऱ्यांवर जातो.

द्राक्षनगरी

मेस्खेतीचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे नव्या वाणाच्या मागे धावताना जुनी भोकरी द्राक्षं बागेतून गेली, कुणी काडीही जपली नाही. जिघाउरासारखा संग्रह आपल्याकडे शेतकऱ्याला काडी मिळेल अशा रीतीने असायला हवा.

मोगरा

मुलगी पुढच्या महिन्यात येतेय. ह्यांना चाखायची आहे. तिला नेमकं काय सांगू? आणि मे महिना आहे, घरी ठेवायचं कुठे?

धरमपेठी

मोगरा ताई, बाहेरून येणाऱ्याला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं, म्हणजे दोन बाटल्या आरामात बसतात. एक इमेरेतीची त्सोलिकोउरी, क्वेव्रीतली मिळाली तर उत्तम. दुसरी काखेतीची अंबर रकात्सितेली. विमानतळावरच्या दुकानातून न घेता तिबिलिसीतल्या वाईनच्या दुकानातून घ्यायला सांगा. तिथे प्रदेश आणि गाव सांगितलं की दुकानदार त्या खोऱ्यातल्या लहान शेतकऱ्याची बाटली काढून देतो. मागच्या लेबलावर क्वेव्री लिहिलंय ना ते बघायचं, आणि चिकणमातीच्या भांड्याच्या आकाराची शोभेची बाटली असेल तर ती टाळायची, त्यात पैसे मातीचे जातात. बाटल्या कपड्यांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत.

घरी आल्यावर ओट्यावर किंवा कपाटात एक दिवसही नको. मे महिन्यात बंद खोलीसुद्धा चाळिशीच्या घरात जाते, त्यात वाईन शिजते. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवा. त्सोलिकोउरी थेट गार प्यायची. अंबर मात्र अर्धा तास आधी बाहेर काढायची, फार गार असली तर नुसता तुरटपणा कळतो, जर्दाळू कळत नाही.

मोगरा

लिहून पाठवलं तिला. तिचं लगेच उत्तर आलं, घरमालकीणबाई म्हणतात दुकानातून काही घेऊ नकोस, आमच्या मराणीतली देते. चालेल ना?

धरमपेठी

चालेल काय, तीच आणायची. फक्त एवढं बघायला सांगा की बाटली काठोकाठ भरून बूच घट्ट बसवलेलं असावं, आणि प्लास्टिकच्या बाटलीत देत असतील तर काचेची मागून घ्यावी. घरची वाईन प्रवासात पटकन बिघडते. आली की आठवड्याभरात संपवा आणि गाव कुठलं ते इथे नक्की लिहा.